ऑनलाइन मागवलेला खुराडा: पाचपैकी अडीच तारे, त्यातला एक माझ्या कानशीचा

एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी ३१ वर्षं फिटर होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे पत्र्याच्या कडा, स्पॉट वेल्डिंग आणि तारेची टोकं यांवर मी जरा जास्तच बोलणार आहे. ज्यांना फक्त ‘घ्यावा की घेऊ नये’ एवढंच हवंय त्यांच्यासाठी: कोंबड्या आत सोडायच्या आधी कानस घेऊन तासभर बसायची तयारी असेल तर घ्या. नसेल तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, हजार-दोन हजार जास्त जातील.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं संगमेश्वर तालुक्यातल्या घरी राहायला आलो. वडिलांच्या वेळचा चिऱ्याचा खुराडा होता. त्याच्या फळीची एक बाजू कुजली आणि चैत्रात एका रात्री रानमांजराने चार कोंबड्या नेल्या. सुनेने पुण्यातून फोनवर बघून हा रेडिमेड खुराडा पाठवला. डिलिव्हरी धरून ७,४०० रुपये. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. माझं भांडण नावाशी नाही, घडणीशी आहे.

माप चार फूट बाय अडीच फूट, दीड फुटाच्या पायांवर उभा. सगळीकडे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी, वर हिरवा उतरता पत्रा, खाली विष्ठेचा ओढता ट्रे. पुढच्या बाजूला उभे गज, त्यांच्यामध्ये डोकं बाहेर काढायला सहा फटी, आणि बाहेर लटकवलेलं लांब पन्हाळीसारखं खाद्याचं भांडं. जोडायला पाऊण तास लागला. दोन नटबोल्ट कमी होते, ते माझ्याच डब्यात सापडले.

चांगलं ते चांगलं म्हणतो. ट्रे फार सोयीचा आहे. सकाळी ओढायचा, माडाच्या आळ्यात रिकामा करायचा, पाच मिनिटांत काम संपतं. दाराला दोन कड्या आहेत आणि दोन्ही घट्ट बसतात. मे महिन्यात ते रानमांजर परत आलं होतं. सकाळी पत्र्यावर मातीचे पंजे दिसले, कोंबड्या शाबूत होत्या. एवढ्यावरच एक तारा दिला.

आता जाहिरातीतलं ‘१२ कोंबड्यांसाठी’ बघू. चार गुणिले अडीच म्हणजे दहा चौरस फूट. भुशाच्या गादीवर ठेवलेल्या अंड्यांच्या कोंबडीला साधारण दोन चौरस फूट जागा धरतात. म्हणजे दिवसभर कोंडून ठेवायच्या असतील तर पाच, फार तर सहा. फक्त रात्री दांडीवर बसवायच्या असतील तर आठ-नऊ मावतील. १२ हा आकडा बहुधा खाद्याच्या भांड्यावरून काढला असावा. कोंबडीला चार इंच धरले तर चार फुटांत १२ बसतात खऱ्या. पण फटी सहाच! बाकीच्या सहाजणींनी काय पंगतीच्या मागे उभं राहायचं? आमच्याकडे नऊ आहेत: एक कोंबडा, पाच मोठ्या कोंबड्या आणि तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या.

पत्र्याची पागोळी चारच इंच पुढे आलेली आहे. कोकणातल्या पावसाला चार इंच म्हणजे चेष्टा. पहिल्या झडीतच भांड्यातलं खाद्य लगदा झालं. ओलं खाद्य दुसऱ्या दिवशी आंबतं, बुरशी धरते, आणि बुरशीचं खाद्य कोंबडीला विषासारखं. मी पुढे पत्र्याची फूटभर झडप बसवली. हे खोक्यावर लिहिलं असतं तरी चाललं असतं.

इथपर्यंत हे सगळं सोसण्यासारखं होतं. खरी गोष्ट आषाढात सुरू झाली.

पावसाआधी कोंबड्या दिवसभर परड्यात असायच्या, दाणे अंगणातच फेकायचो. पाऊस लागल्यावर त्या अर्धा दिवस आत आणि खाणं त्या फटींतून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बायकोने हाक मारली, “अहो, चांदीच्या डोळ्याखाली काय झालंय बघा.” चांदी पांढरी, लेगहॉर्नच्या वळणाची. तुरा एवढा मोठा की एका बाजूला पडलेला असतो. पांढऱ्या पिसांवर रक्ताचा ठिपका लगेच दिसतो. उजव्या डोळ्याखाली मसुराएवढी काळी खपली होती. दोन दिवसांनी तांबडीला तशीच. मग एका तलंगेच्या पापणीवर आणि चोचीच्या कोपऱ्यात बारीक फोड. आमच्याकडे एक कडकनाथही आहे. तिचा तुरा, तोंड सगळंच काळं, त्यामुळे तिला काही झालं होतं की नाही हे बोट फिरवल्याशिवाय कळलंच नसतं. बोट फिरवल्यावर खरखरीत लागलं.

वाडीत ज्याने त्याने आपापलं निदान केलं. शेजारच्या काकी म्हणाल्या, “देव्या आल्यात, कडुलिंबाचा पाला टाका खाली.” पुतण्याने फोनवर वाचून बर्ड फ्लू सांगितला आणि घरातल्या पोरांना खुराड्याजवळ जायची बंदी केली. खाद्याच्या दुकानातल्या मुलाने लिव्हर टॉनिकची बाटली हातात दिली, ती मी परत दिली. बायकोचा संशय कोंबड्यावर. “तोच मेला टोचतो,” म्हणाली. मला वाटत होतं उंदीर.

वर्कशॉपमध्ये एक सवय लागलेली. गाडी आवाज करते म्हटल्यावर लगेच इंजिन उतरवायचं नाही. आवाज कधी येतो, कुठल्या बाजूने येतो, कशाने थांबतो ते आधी बघायचं. तेच इथे लावलं.

कोंबड्याला चार दिवस डालाखाली वेगळा ठेवला. तिसऱ्या दिवशी तांबडीला जुन्या खपलीशेजारी नवीन ओरखडा. कोंबडा सुटला. तसंही कोंबडा कोंबडीवर चढताना डोक्याची मागची बाजू आणि मान चोचीत धरतो. तिथली पिसं उपटली जातात, कातडी सोलते. आमच्या उघड्या मानेच्या (जातीनेच मानेवर पिसं नसलेल्या) कोंबडीला तशी खूण आहेही, पण ती वर्षभर आहे आणि डोक्याच्या मागे आहे. या जखमा पुढे, डोळा आणि चोचीच्या मधे होत्या.

आपसातल्या टोचाटोचीचंही तसंच. कोंबड्या भांडल्या की तुऱ्याच्या दात्यांवर टोचे पडतात, दोन्ही बाजूंना, कुठेही. तुऱ्यातून रक्तही खूप येतं. आणि एकदा लाल दिसलं की बाकीच्या सगळ्या तिथेच टोचत सुटतात. दाटीवाटी, कमी प्रथिनं, डोळ्यावर येणारा उजेड, यांनी ही खोड लागते. आमच्याकडे दाटी होती, नाकारत नाही. पण तुरे स्वच्छ होते.

रात्री बॅटरी घेऊन गेलो. बसायच्या दांडीखालून पांढरं फडकं घासलं. दिवसा फटींत लपून रात्री रक्त पिणारे तांबडे कीटक असले तर फडक्यावर लाल रेघ उमटते. फडकं कोरं निघालं. डोळ्याभोवती, तुऱ्याच्या बुडाशी चिकटून बसणाऱ्या पिसवाही असतात. मोहरीएवढे काळे-तपकिरी ठिपके, घोळक्याने, डोकं कातडीत रुतवून बसलेले, झटकले तरी हलत नाहीत. त्याही नव्हत्या. उंदरांच्या लेंड्याही दिसल्या नाहीत. डास मात्र भरपूर.

तेव्हा चांदी आणि तलंग, दोघींना टोपलीत घालून तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. हे परीक्षण खुराड्याचं आहे, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंना वेगळे पाच तारे द्यायला हवेत. वय फार तर तीस. बाहेर एक गाय आणि दोन शेळ्या थांबलेल्या असताना त्यांनी माझ्या दोन कोंबड्यांना पंधरा मिनिटं दिली.

आधी त्यांनी काहीच औषध काढलं नाही. कोमट पाण्यात मीठ टाकून कापूस भिजवला आणि चांदीच्या खपलीवर मिनिटभर धरून ठेवला. खपली विरघळली. ते नुसतं सुकलेलं रक्त होतं. खाली दीड सेंटिमीटरचा सरळ ओरखडा, सुईने ओढावा तसा. मग तोच कापूस तलंगेच्या पापणीवर. तिथली खपली हलेना. चामखिळीसारखी वर आलेली, मुळाशी घट्ट. बाईंनी ती ओढली नाही. तलंगेची चोच उघडून घशात बॅटरी मारली आणि मलाही बघायला लावलं.

“काका, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका टोपलीत आणल्यात.”

तलंगेला देवी झाली होती. काकी अर्ध्या बरोबर होत्या. कोंबड्यांची देवी हा विषाणूचा रोग. डास तो एका कोंबडीकडून दुसरीकडे नेतात, म्हणून पावसात जास्त. पिसं नसलेल्या जागी, म्हणजे तुरा, पापण्या, चोचीचा कोपरा, चोचीखाली लोंबणारी लाल कातडी, तिथे आधी बारीक फोड, मग गाठ, मग काळपट खपली. यावर औषध नाही. दोन ते चार आठवड्यांत खपल्या आपोआप पडतात. तोंडात, घशात पिवळट पापुद्रे धरले तर मात्र वाईट, श्वास अडकतो. तलंगेच्या घशात तसं काही नव्हतं. माणसाच्या देवीचा आणि कांजिण्यांचा विषाणू वेगळा, आणि हा रोग माणसाला होत नाही. हे मी घरी येऊन पुतण्याला दोनदा सांगितलं. बर्ड फ्लूबद्दल बाई म्हणाल्या, तो असता तर तोंड सुजलं असतं, तुरा निळा पडला असता आणि कोंबड्या पटापट मेल्या असत्या. तसं कधी दिसलं तर टोपलीत घालून आणायची नाही, आधी फोन करायचा.

आणि चांदीचं? “हा ओरखडा आहे. कशाचा ते मला इथे बसून नाही सांगता येणार. पण दोघी-तिघींना एकाच बाजूला, एकाच उंचीवर असेल तर त्या कुठे डोकं घालतात ते बघा.” जाताना आणखी एक सांगितलं. देवीचा विषाणू नुसत्या डासाने शिरतो असं नाही. कातडी फाटलेली असली की खपलीच्या भुकटीतूनही जातो. चांदीची जखम म्हणजे उघडं दार.

एसटीने घरी येताना मी चांदी, तांबडी आणि कडकनाथ यांची तोंडं आठवत होतो. तिघींचंही उजवंच.

घरी आल्यावर खाद्य घातलं आणि समोर पाटावर बसलो. त्या सहा फटींवर जागा ठरलेल्या असतात, जशा लग्नाच्या पंगतीत असतात. मधल्या चार फटी उघड्या मानेची, कोंबडा आणि आणखी एक दांडगट कोंबडी यांच्या. त्यांच्या डाव्या हाताची शेवटची फट तलंगांची, तिघी आळीपाळीने. उजव्या हाताची शेवटची चांदी, तांबडी आणि कडकनाथ यांना उरलेली, आणि तीही सुखाने नाही. शेजारची उघड्या मानेची एक टोचा मारते, की ही डोकं झटकन मागे घेते. पुढे घालताना काही होत नव्हतं. मागे घेताना होत होतं.

आता माझी चूक सांगतो. खुराडा जोडला त्या दिवशी मी आतून हात फिरवून बघितला होता. सगळं गुळगुळीत. पण उजव्या टोकाला पुढचं पॅनल बाजूच्या पॅनलला भेटतं, तिथे कारखान्यात आडव्या तारा कापून उभ्या गजाला चिकटवल्यात. कापलेल्या तारेला जी धारदार कोर राहते तिला आम्ही बर म्हणतो. इथे तारेचं टोक दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेलं, आणि सरसकट बाहेरच्या दिशेला वाकलेलं. आतून बाहेर हात गेला तर घसरून जातो. बाहेरून आत ओढला तर लागतो. गळाच्या काट्यासारखं. मी बाहेरून आत बोट ओढलं आणि माझंच बोट चिरलं. तारेच्या टोकाला पांढऱ्या पिसाचा एक धागा चिकटलेला होता.

उंची मोजली. खाताना चांदीचा डोळा जिथे येतो तिथून अर्धा इंच खाली.

३१ वर्षांत असल्या बरवर मी किती पोरांना ओरडलो असेन. कापलं की कानस मारायची, कानस मारली की उलट्या बाजूने बोट फिरवायचं. आणि स्वतःच्या खुराड्याला एकाच बाजूने हात फिरवून मोकळा झालो.

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. पहिल्या मुलीने फोटो मागितला, पाठवला. दोन दिवसांनी एका मुलाचा फोन आला. म्हणाला, “सर, कोंबड्या आपसात भांडतात, त्यामुळे होतं, प्रॉडक्टमध्ये इश्यू नाही.” मी म्हटलं, बाबा, उजव्या गालावरच भांडतात का? तो गप्प झाला. मग पुढच्या खरेदीवर ३०० रुपयांचं कुपन मिळालं. अजून तसंच आहे, कुणाला हवं असेल तर सांगा. पोराशी माझं वैर नाही, त्याला समोरच्या कागदावर जे लिहून दिलंय ते तो वाचणार.

दुरुस्ती अशी केली. कटर पक्कडने टोकं कापली, चपट्या कानशीने घासली, वर पॉलिश पेपर. घासलं की जस्ताचा मुलामा जातो आणि पावसात तिथूनच गंज धरतो, म्हणून चंदेरी रंगाचे दोन हात दिले आणि दोन दिवस वाळवलं. कोंबड्या वाळत घातलेल्या रंगालाही चोच मारतात, तोवर त्यांना पडवीत ठेवलं. मग सायकलची जुनी ट्यूब लांबीत चिरून त्या उभ्या गजावर चढवली आणि बारीक तारेने बांधली, तारेची टोकं बाहेर, खाली वाकवून. भांड्याचीही वरची कड दुमडलेली नव्हती, नुसता कापलेला पत्रा. तिलाही ट्यूब लावली. फटींच्या वरची आडवी तार कोंबड्याच्या तुऱ्याला घासत होती. त्याच्या तुऱ्याचे मधले दोन दाते झिजलेले मी म्हातारपण समजत होतो. ती तार दोन इंच वर घेतली. एकूण खर्च रंगाचा, ९० रुपये.

त्यानंतर नवीन ओरखडा एकही नाही. जुने मिठाच्या पाण्याने धुऊन वर बाईंनी दिलेलं जांभळं औषध लावलं. त्याचा एक फायदा असा की जखमेचा लाल रंग झाकला जातो, त्यामुळे बाकीच्या टोचत नाहीत. खोबरेल आणि हळदही बायकोने लावलीच, ती ऐकणारी नाही. चांदीचा गाल दहा दिवसांत भरून आला.

देवी मात्र तेवढ्यावर थांबली नाही. उरलेल्या दोन तलंगा आणि, व्हायचं तेच, तांबडी. तांबडीच्या गाठी त्या ओरखड्याच्या रेषेवरच उठल्या, ओळीने, मण्यांसारख्या. बाकीच्यांना लस द्यायची ठरली. लसीची बाटली एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते आणि एका बाटलीत आमच्या वाडीला पुरून उरेल एवढी लस असते. म्हणून रविवारी सकाळी अंगणात सगळ्यांच्या निरोगी कोंबड्या गोळा केल्या, काकींच्यासुद्धा. पंखाच्या पातळ कातडीत दोन टोकांच्या सुईने टोचतात. आठव्या दिवशी तिथे बारीक सूज दिसली म्हणजे लस लागली. काकींच्या एका कोंबडीला दिसली नाही, तिला परत टोचली. गळून पडलेल्या खपल्या मी झाडून जाळल्या, कारण खपलीत विषाणू महिनोन्महिने टिकतो. एक तलंग गेली. तिच्या घशात शेवटी पिवळं धरलंच.

ती तलंग खुराड्याच्या माथी मारावी का? नाही. तिला डासाने दिलं, तिच्या तोंडावर ओरखडा नव्हता. तांबडीचं मात्र मी कंपनीच्या हिशेबात धरतो.

तर तारे असे. ट्रे आणि कड्या यांचा एक. जाळी आणि पत्रा दणकट आहे त्याचा अर्धा. उरलेला एक दुरुस्तीनंतरच्या खुराड्याला, म्हणजे खरं तर माझ्या कानशीला. बाकी अडीच त्यांनी बर काढायला एक माणूस ठेवला की देईन.

तुमच्याकडे असा खुराडा आधीच असेल तर आज संध्याकाळी एक काम करा. जुना नायलॉनचा मोजा हातात चढवा आणि प्रत्येक फटीच्या कडेने हात फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. जिथे मोजा अडकेल तिथे खडूने खूण. आमच्या खुराड्यावर सात खुणा झाल्या. सायकलच्या ट्यूबा दुकानात विकत घेऊ नका. पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतात, आणि उन्हाने त्या वर्षभरात तडकतात, तेव्हा दोन जास्तीच्याच आणा.